प्रागला पंचवीस मिनिटं

म्युनिकमध्ये राहणाऱ्या मराठी माणसासाठी प्राग फार अडनिड्या अंतरावर आहे. बसने पाच तास. 'पुढच्या सुट्टीत सावकाश बघू' म्हणून टाळावं इतकं लांब नाही आणि सकाळी जाऊन रात्री परत यावं इतकं जवळही नाही. मग उरतो तो शनिवार-रविवार. शुक्रवारी ऑफिस सुटलं की बॅगा उचलून थेट बस गाठायची, रविवारी मध्यरात्री घरी यायचं आणि सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून बसायचं. मधल्या दोन दिवसांत राजे, सम्राट, धर्मयुद्धं, दोन महायुद्धं, कम्युनिस्ट आणि १९८९ची मखमली क्रांती एवढं सगळं बघून व्हायला हवं.

ऑफिसातले जर्मन लोक हेच दोन दिवस कसे काढतात, हे विचारून पाहण्यासारखं आहे. "काय पाहिलंस प्रागला?" "पूल पाहिला. बिअर प्यायलो. छान होतं." संपलं. पुलाचं नाव नाही, साल नाही, त्यावर पुतळे किती होते याचा पत्ता नाही, आणि चेहऱ्यावर मात्र संपूर्ण समाधान. आपल्याला ही चैन परवडत नाही. आपण परत आलो की पुण्याहून, नाशिकहून, न्यूजर्सीहून फोन येतात आणि उलटतपासणी सुरू होते. "ते घड्याळ पाहिलंत ना? आणि किल्ला? आतून, की नुसता बाहेरून? बाहेरून? अगं बाई!" या 'अगं बाई'चा आपण असा धसका घेतलेला असतो की सहल आपण आखतच नाही. नंतर येणारे फोन ती आधीच आखून ठेवतात. म्हणून काय बघायचं हे ठरवायला आपल्याला वेळ लागत नाही, ते पाच मिनिटांत ठरतं. काय बघायचं नाही, हे ठरवताना घरं मोडायची वेळ येते.

आमच्याकडे तर उलटतपासणी करणारे या वेळी घरातच मुक्कामाला होते. सासू-सासरे नाशिकरोडहून आले होते. शेंगेन व्हिसाच्या ९० दिवसांत जेवढे देश बसतील तेवढे बसवायचे, कारण फी सगळ्यांची मिळून एकदाच भरलेली आहे, असा सासऱ्यांचा सरळ हिशेब. शिवाय म्युनिकमध्येच माझे साडू राहतात. ते एका मोटारकंपनीत प्रकल्प सांभाळतात आणि घरी आल्यावर हाताला काम नसलं की अस्वस्थ होतात. प्रागचं नाव निघालं त्या रात्रीच त्यांनी तक्ता करून सगळ्यांना पाठवला. डावीकडे वेळ, वर ठिकाण, मध्ये रंग. हिरवा म्हणजे ठरलं. पिवळा म्हणजे आईंना विचारायचंय. लाल म्हणजे आईंना विचारलं.

तक्त्यात सगळ्यात आधी माझी नजर गेली ती सेंट व्हायटस कॅथीड्रलवर. या कॅथीड्रलचं काम १३४४ साली सुरू झालं आणि १९२९ साली संपलं. मध्ये युद्धं झाली, पैसे आटले, राजे बदलले, राज्यंही बदलली आणि अर्धवट इमारत शतकानुशतकं तशीच उभी राहिली. एकूण ५८५ वर्षं. साडूभाऊंनी त्याला पंचवीस मिनिटं दिली होती.

"म्हणजे वर्षाला तीन सेकंदही येत नाहीत," मी म्हटलं.

त्यांनी लगेच मोबाइलवर भागाकार केला. माझ्या बोलण्यातली खोच त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही, पण आकडा पोचला. "बरं, तीस करतो," ते म्हणाले. "पण मग पाच मिनिटं पुलातली जातील."

पुलातली पाच मिनिटं जाऊ देणं शक्य नव्हतं, कारण चार्ल्स पूल ही घरातली सर्वात अवघड वाटाघाट होती. जुना पूल १३४२च्या पुरात वाहून गेला, तेव्हा चौथ्या चार्ल्सने हा नवा बांधायला घेतला. त्याची पायाभरणी १३५७ साली, नवव्या दिवशी, सातव्या महिन्यात, पहाटे पाच वाजून एकतीस मिनिटांनी झाली असं सांगतात. आकडे ओळीने मांडले की १, ३, ५, ७, ९ असे चढतात आणि ७, ५, ३, १ असे उतरतात. राजाच्या ज्योतिषांनी ही वेळ काढून दिली म्हणे. सासूबाई खूश झाल्या. "मुहूर्तावर बांधलाय, म्हणून टिकला," त्या म्हणाल्या आणि पुलाचा चौकोन पिवळ्यातून हिरव्यात गेला.

इथे साडूभाऊंनी गप्प बसायला हवं होतं. पण मिळवलेली माहिती दिल्याशिवाय राहणं हा त्यांचा स्वभाव नाही. त्यांनी पुढची दंतकथाही सांगून टाकली, की पूल मजबूत व्हावा म्हणून चुन्यात अंडी कालवली होती, आणि त्यासाठी राज्यभरातून गाड्या भरभरून अंडी मागवली होती. सासूबाई अंडं खात नाहीत. केकसुद्धा विचारून घेतात. खोलीत शांतता पसरली. पूल पुन्हा पिवळा.

"खायचंय थोडंच, त्यावरून चालायचंय," बायको म्हणाली.

"पाय लागणारच ना पण."

शेवटी सासऱ्यांनी निवाडा दिला. "साडेसहाशे वर्षं झाली. आता त्याचा दगडच झाला असेल." त्यावर आमच्या मुलीने विचारलं, की वेलवारी नावाच्या गावाने म्हणे अंडी उकडून पाठवली होती, ती का? "फुटू नयेत म्हणून," साडूभाऊ म्हणाले. हे मात्र सासूबाईंना पटलं. प्रवासात वस्तू फुटू नये, सांडू नये, आंबू नये, याची काळजी घेणाऱ्या माणसांबद्दल त्यांना धर्मापलीकडचा आदर आहे. पूल हिरवा झाला तो वेलवारीकरांच्या पुण्याईने.

आता या पुलावर पहाटेच जायचं असतं. दहानंतर पाचशे मीटरच्या पुलावर पाय ठेवायला जागा नसते आणि तीसही पुतळ्यांच्या पुढ्यात कुणी ना कुणी फोटोसाठी उभं असतं. पहाटे उठण्यावरून भांडण होईल असं वाटत होतं, पण सासू-सासरे युरोपात आल्यापासून चारलाच जागे होतात. नाशिकरोडला तेव्हा साडेसात वाजून चहा होऊन गेलेला असतो. प्रश्न आमचा होता. तक्त्यात 'पहाटे ५:३०, पूल' या ओळीपुढे साडूभाऊंनी 'सर्व' असं लिहिलं होतं. माझ्या मुलाने ते खोडून 'आजी-आजोबा' केलं. ते कुणी परत बदललेलं नाही.

या मुलाला प्रागमध्ये एकच गोष्ट बघायची आहे: काफ्काचं फिरणारं डोकं. डेव्हिड चेर्नी या शिल्पकाराने २०१४ साली स्टीलच्या ४२ चकत्यांचं, सुमारे अकरा मीटर उंचीचं काफ्काचं डोकं उभं केलं. चकत्या वेगवेगळ्या फिरत राहतात, मध्येच चेहरा जुळतो आणि पुन्हा विस्कटतो. सासूबाईंनी मोबाइलवर तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. "फिरलेलं डोकं बघायला इतक्या लांब कशाला जायचं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी आपल्या धाकट्या जावयाकडे पाहिलं. जावई तेव्हा ट्रॅमच्या वेळा भरत होते.

घड्याळाबद्दल वाद नव्हताच. जुन्या नगरभवनाच्या भिंतीवरचं हे घड्याळ १४१०चं. दर तासाला वरच्या खिडक्या उघडतात, येशूचे शिष्य दर्शन देऊन जातात, बाजूला हाडांचा सापळा घंटा वाजवतो, शेवटी कोंबडा आरवतो. हा सगळा कार्यक्रम पाहता पाहता संपतो आणि जमलेल्या गर्दीच्या तोंडावर 'एवढंच?' असं स्पष्ट उमटतं. कारण लोक बाहुल्या बघतात आणि घड्याळ बघत नाहीत. बाहुल्या बऱ्याच नंतरच्या. खरी करामत खालच्या तबकडीत आहे. सूर्य कोणत्या राशीत, चंद्र कोणत्या राशीत, सूर्योदय कधी, सूर्यास्त कधी, हे सगळं ती दाखवते; शिवाय सूर्यास्तापासून तास मोजायची जुनी झेक पद्धतही तिच्यावर अजून चालू आहे. त्याखाली आणखी एक चकती, वर्षाच्या प्रत्येक दिवसाची आणि त्या-त्या दिवसाच्या संताच्या नावाची. हे मी जरा रंगवून सांगत होतो. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे कालनिर्णयच लावलंय की भिंतीवर. मागच्या पानावर काय आहे?"

किल्ल्याने मात्र तक्ता हलवला. प्रागचा किल्ला म्हणजे तटबंदीच्या आत वसलेलं गावच, जवळजवळ सत्तर हजार चौरस मीटरचं. आत राजवाडा, कॅथीड्रल, आणखी एक जुनं चर्च, आणि काफ्का १९१६-१७मध्ये जिथे बसून लिहायचा ती सोनारगल्लीतली बावीस नंबरची खुराड्याएवढी खोली. तिकीट दोन दिवस चालतं, कारण एका दिवसात होत नाही हे विकणाऱ्यांनाच माहीत आहे. आमच्याकडे त्याला दीड तास होता, आणि त्या दीड तासात एक नोंद होती: 'खिडकी, ५ मि.'

ही खिडकी खरोखर पाच मिनिटांची नाही. १६१८च्या मे महिन्यात चिडलेल्या प्रॉटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना याच राजवाड्याच्या खिडकीतून खाली फेकलं, आणि हात मोकळे होते म्हणून त्यांच्या चिटणिसालाही फेकलं. वीस मीटरच्या आसपास खाली पडून तिघेही जिवंत. कॅथलिक म्हणाले, देवदूतांनी झेललं. प्रॉटेस्टंट म्हणाले, खाली उकिरडा होता. या निमित्ताने पेटलेलं युद्ध तीस वर्षं चाललं आणि निम्मा युरोप त्यात होरपळला. चिटणिसाला पुढे सम्राटाने सरदारकी दिली, आणि किताब काय दिला, तर 'उंचावरून पडलेला' अशा अर्थाचा. आयुष्यभर वरिष्ठांच्या मागे कागद घेऊन उभं राहिलेल्या आमच्या सासऱ्यांना या चिटणिसाबद्दल फार वाईट वाटलं. "भांडण साहेबांचं," ते म्हणाले, "पण फाइल याच्या हातात असणार."

त्या दोन कारभाऱ्यांना आसरा दिला तो शेजारच्या वाड्यातल्या पोलिक्सेना लोबकोविच या बाईंनी. शत्रू दाराशी आले तेव्हा त्यांनी एकाला आपल्या घेरदार झग्याखाली लपवलं अशीही गोष्ट सांगतात. आणि याच पोलिक्सेनाबाईंनी १६२८ साली आपल्याकडची बाळ येशूची स्पेनहून आलेली मेणाची मूर्ती कार्मेलाइट साधूंना दिली. ती मूर्ती आजही किल्ल्याखालच्या माला स्त्राना भागातल्या चर्चमध्ये आहे.

"बाळ येशू?" सासूबाई सावरून बसल्या. "आपल्या नाशिकरोडचा?"

नाशिकरोडचाच, किंवा नाशिकरोडचा तो इथलाच. ज्यांनी फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. वसईहून, मुंबईहून, गोव्याहून गाड्या येतात आणि त्या दोन दिवसांत रिक्षा मिळत नाही. सासूबाईंनी त्या यात्रेतल्या रहदारीला कित्येक वर्षं नावं ठेवली आहेत. पण शेजारच्या फर्नांडिसबाईंबरोबर मेणबत्ती लावायलाही दर वर्षी गेल्या आहेत. आता त्या बाळ येशूचं मूळ ठिकाण दोन तासांच्या नव्हे, दहा मिनिटांच्या अंतरावरून आपल्या जावयाने तक्त्यात गाळलं होतं, हे उघड झालं.

"मला तुमचं ते घड्याळ नको, किल्ला नको," सासूबाई म्हणाल्या. "फर्नांडिसबाई पहिला प्रश्न हाच विचारणार."

मग त्यांनी बारीकसारीक चौकशी केली. मूर्ती केवढी? जेमतेम हातभर. पोशाख बदलतात का? बदलतात, सणवार पाहून. कधी पांढरा, कधी लाल, कधी जांभळा, कधी हिरवा, आणि ते काम कार्मेलाइट जोगिणी करतात. पोशाख किती आहेत? शंभरावर. त्यात मारिया थेरेसा सम्राज्ञीने दिलेलाही आहे. इथे सासूबाईंचा चेहरा असा काही खुलला की युरोपात आल्यापासून कुठल्याच राजवाड्याने तो तसा खुलवला नव्हता. देवाला वस्त्रं नेसवणाऱ्या लोकांशी त्यांचं आपोआप जुळतं. साडूभाऊंनी निमूटपणे नवी ओळ घातली आणि चाळीस मिनिटं दिली. त्यासाठी पेट्रीनचा मनोरा उडाला. पॅरिसला १८८९ साली आयफेल टॉवर पाहून आलेल्या हौशी झेक मंडळींनी तसाच छोटा मनोरा १८९१मध्ये आपल्या टेकडीवर उभारला, तो हा. "खरा पाहिलाय ना आपण," असं म्हणून सगळ्यांनी त्याला निरोप दिला. साडूभाऊंनी त्याची ओळ पुसली नाही, फक्त लपवली. हे नंतर कळलं.

माझीही एक मागणी होती. प्रागच्या देयवित्से भागात एका रस्त्याला ठाकुरांचं नाव आहे. रवींद्रनाथ १९२१ आणि १९२६ साली प्रागला आले होते, आणि झेक लोकांनी त्यांची आठवण रस्त्याला नाव देऊन ठेवली.

"तिथे बघायचं काय?" बायकोने विचारलं.

"पाटी."

तक्त्यात अगदी तळाला 'वेळ उरल्यास' अशी एक ओळ असते. ठाकूर तिथे गेले. त्यांच्या शेजारी मोत्सार्टने राहून काम केलेलं घर आहे, दोन संग्रहालयं आहेत आणि 'नदीकाठी नुसतं बसणे' हे आहे. त्या ओळीतून परत वर आलेलं मी अजून काही पाहिलेलं नाही.

राहण्याच्या जागेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. स्वयंपाकघर हवं, लिफ्ट हवी, मध्यवर्ती हवी आणि स्वस्त हवी, यातल्या तीन गोष्टी मिळतात. लिफ्ट गेली.

पैशांची बाजू सासऱ्यांनी स्वतःहून घेतली, कारण ते नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले आहेत. झेक लोकांनी युरो घेतलेला नाही, त्यांचं अजून कोरुनावर चालतं, हे कळल्यावर त्यांना त्या देशाबद्दल आपुलकी वाटू लागली. त्यांनी सगळ्या नोटांची चित्रं मोठी करून पाहिली. शंभराच्या नोटेवर पूल बांधणारा तो चौथा चार्ल्स. दोनशेवर कोमेन्स्की हा शिक्षणतज्ज्ञ. पाचशेवर बोझेना नेम्त्सोव्हा ही लेखिका, हजारावर पालात्स्की हा इतिहासकार, दोन हजारावर एक ऑपेरा गाणारी बाई, आणि पाच हजारावर मासारिक, जे राष्ट्राध्यक्ष होते पण मुळात प्राध्यापक. सासरे बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "राजापेक्षा मास्तर दुप्पट. आणि गाणारी बाई राजाच्या वीसपट. अशा देशाचं कसं चालतं?"

त्यांना दुसरं एक आकर्षण होतं. प्रागमध्ये रस्त्यावर काही भामटे चांगल्या दराने पैसे बदलून देतो म्हणतात आणि हातात दुसऱ्याच देशाच्या बाद झालेल्या नोटा टेकवतात, असं साडूभाऊंनी सावधगिरीच्या रकान्यात लिहिलं होतं. अधिकृत दुकानात बदललेले पैसे तीन तासांच्या आत परत करता येतात, हेही लिहिलं होतं. सासऱ्यांना दुकानात रस नव्हता. त्यांना तो भामटा हवा होता. आयुष्यभर कागदाचं वजन, जलचिन्ह आणि सुरक्षा धागा यांच्या संगतीत काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर असा योग कुठून येणार? "एकदा समोर येऊ दे," एवढंच ते म्हणाले. साडूभाऊंनी त्यासाठी वेगळी वेळ ठेवलेली नाही, पण मला वाटतं ती ठेवायला हवी.

चपलांवरूनही थोडं झालं. प्रागचे रस्ते छोट्या-छोट्या दगडांचे, त्यावर चाकांच्या बॅगा ओढल्या की अख्खी गल्ली जागी होते आणि पातळ तळव्याच्या चपलेतून प्रत्येक दगड वेगळा कळतो. "मी माझी बाटाच घालणार," सासरे म्हणाले. बाटा मूळची इथलीच, तोमाश बाट्याने १८९४ साली झ्लिन गावात सुरू केलेली आणि प्रागच्या मुख्य चौकात तिचं १९२९ सालचं दुकान अजून आहे, हे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. शाळेच्या पहिल्या दिवसापासून पायात असलेली वस्तू परदेशी असेल यावर कुणाचा विश्वास बसणार? दुकान बघायला दहा मिनिटं मिळाली. मला खोटं पाडण्यासाठी.

जेवणाचं कोडं तसंच राहिलं होतं. झेक जेवणात मांस फार, आणि शाकाहाऱ्यांचा तारणहार म्हणून सांगितलं जाणारं तळलेलं चीज तळण्याआधी अंड्यात बुडवतात. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर न्यायची होतीच, तरी शनिवारी दुपारी पाऊण तास बसून जेवायचं ठरलं होतं. बुधवारी रात्री सासूबाईंनी सहज तिथी पाहिली.

"शनिवारी एकादशी आहे."

साडूभाऊंच्या चेहऱ्यावर मला कधी न दिसलेली भक्ती दिसली. "मग सगळ्यांनीच करू या ना," ते म्हणाले. "आठवड्यातून एक दिवस पोटाला विश्रांती हवीच. साबुदाण्याची खिचडी डब्यात, चालता चालता." आणि कुणी काही बोलायच्या आत दुपारच्या पाऊण तासात पेट्रीनचा मनोरा उभा राहिला, हिरव्या रंगात.

त्याच दिवशी रात्री साडेआठच्या ओळीत मात्र 'बिअर (ऐच्छिक)' असं पहिल्यापासून लिहिलेलं आहे. ते कुणी काढलेलं नाही आणि त्यावर कुणी बोलतही नाही. काल झोपण्यापूर्वी सासरे सहज म्हणून सासूबाईंना विचारत होते, की जव हे धान्यात धरतात, की उपासाच्या पदार्थांत कुठे बसतात.